गोठ्यातली शाळा आणि अर्जातली खंड



जनावरांचा डॉक्टर व्हायला काय यावे लागते, असे गावच्या पारावर विचारले तर उत्तराला वेळ लागणार नाही. जनावराजवळ कसे जावे ते कळले पाहिजे. गाय रवंथ करीत नाही, नाकपुडी कोरडी पडली, कान थंड लागतात, यावरून ती बिघडली हे ओळखता आले पाहिजे. मारका बैल कुठून धरायचा, अडलेली म्हैस रात्री दोन वाजता कशी मोकळी करायची, याला छाती लागते. त्यानंतर पुस्तक. पुस्तकाशिवाय डॉक्टर होत नाही हेही पारावरची माणसे सांगतील, कारण अर्धवट माणसाच्या सुईने गेलेले जनावर त्यांनी पाहिलेले असते.

हाच प्रश्न सरकारला विचारला तर उत्तर एका शब्दात मिळते: नीट.

नीटची परीक्षा ७२० गुणांची. प्रश्न १८०. त्यांतले ९० जीवशास्त्राचे, ४५ भौतिकशास्त्राचे, ४५ रसायनशास्त्राचे. उत्तर चुकले की गुण कापतात. या ७२० गुणांत जनावराला हात लावून मिळवावा असा एकही गुण नाही. माणसाचा डॉक्टर, दातांचा डॉक्टर आणि बैलाचा डॉक्टर, तिघांना चाळणी एकच. यादीत थोडे खाली राहिल्यामुळे एमबीबीएस हुकले, दातांचे नको वाटले, म्हणून पशुवैद्यकाच्या दारात उभी राहिलेली मुले आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांतली काही पुढे चांगली डॉक्टर होतात, त्यांच्याविषयी तक्रार नाही. तक्रार चाळणीविषयी आहे. या चाळणीत आपल्या पोराने दहा वर्षे गोठ्यात घालवली याचे वजन शून्य, आणि ज्याने गाय फक्त रस्त्यात आडवी बसलेली पाहिली त्याच्या अनुभवाचे वजनही शून्य. शून्याला शून्य दिसते. पण एक शून्य भरलेले आहे आणि दुसरे रिकामे, हे ताडून पाहायला अर्जात जागाच ठेवलेली नाही.

कागदाच्या भाषेत 'खंड'

अर्जात जागा नाही म्हणालो, ते अगदी खरे नाही. एक जागा आहे, ती उलट्या बाजूची.

बारावीनंतर एखादे वर्ष पोर घरी राहिले आणि मग प्रवेशाला गेले, तर त्याच्याकडून 'गॅप'चे प्रतिज्ञापत्र मागतात. शिक्षणात खंड का पडला, या काळात दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला होता काय, ते लिहून द्या म्हणतात. मागणी गैर नाही. एकाच मुलाने दोन ठिकाणी जागा अडवू नये, एवढाच तिचा हेतू. पण त्या कागदाची भाषा पाहा. या काळात मी कुठेही शिकत नव्हतो, असे पोराला स्वतःच्या सहीने लिहून द्यावे लागते.

समजा, बीड किंवा धाराशिवकडचे एक घर आहे. चार एकर कोरडवाहू, दोन बैल, एक गाय, दोन वासरे, चार शेळ्या. २०१२-१३ ला पाऊस गेला, २०१५-१६ ला गेला, २०१८-१९ ला पुन्हा गेला. त्या त्या साली मराठवाड्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. जनावर छावणीत न्यायचे म्हणजे त्याच्याबरोबर घरातले एक माणूसही तिथेच राहायचे. बाप ऊसतोडीला किंवा रोजंदारीला गेलेला, मग छावणीत कोण राहणार? घरातले थोरले पोर. चार-चार महिने शेकडो जनावरांच्या मध्ये ते राहते. कोणत्या जनावराने चारा टाकला, कोणते पाणी पीत नाही, कुणाच्या खुरात जखम झाली, लाळ गळते आहे ती लाळ्या-खुरकताची की दुसऱ्या कशाची, हे सारे ते रोज पाहते. दवाखान्याचे डॉक्टर आले की जनावर धरायला पुढे तेच, सुई टोचून झाली की शिंगावर रंगाची खूण करायला तेच.

पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला असा अनुभव मिळावा म्हणून महाविद्यालये शिबिरे भरवतात. आपले पोर तो अनुभव उपाशीपोटी घेऊन येते आणि अर्जावर त्याच्या नावापुढे शब्द पडतो, 'खंड'. शिकवणीच्या वर्गात दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा नीटची तयारी करीत बसलेल्या मुलाचे वर्ष 'तयारीचे' म्हणून सगळ्यांना समजते. छावणीत काढलेले वर्ष मात्र वाया गेलेले. इंडिया आणि भारत असा भेद शरद जोशींनी सांगितला तेव्हा पुष्कळांना तो भाषणातला वाटला होता. तो भेद भाषणात नाही, अर्जाच्या रकान्यात आहे.

अमेरिकेत काय मोजतात

आपल्याकडे कोणतीही सुधारणा सुचवली की अमेरिकेत असे नसते म्हणून सांगणारे शहाणे भेटतात. म्हणून तिथे काय असते ते पाहू.

अमेरिकेतल्या बहुतेक पशुवैद्यक महाविद्यालयांसाठी एक सामाईक अर्ज आहे. त्यात परीक्षेच्या गुणांबरोबर अनुभवाचे तास लिहायचे असतात आणि तेही वेगवेगळ्या रकान्यांत. डॉक्टरच्या हाताखाली काम केले ते तास वेगळे. डॉक्टर जवळ नसताना जनावरांचे काम केले, म्हणजे गोठ्यात, शेतावर, तबेल्यात, ते तास वेगळे. घरच्या शेतावरचे कामही यात येते. कोणत्या जनावरांबरोबर काम केले, किती आठवडे, काय केले, हे लिहायचे आणि ते खरे आहे म्हणून सांगू शकेल अशा माणसाचे नाव द्यायचे. शिवाय शिफारसपत्रे लागतात, त्यांत एक पशुवैद्याचे असावे असे अनेक महाविद्यालयांचे म्हणणे असते. काही महाविद्यालये किमान तास ठरवून देतात, काही देत नाहीत.

त्यामुळे तिथे अर्ज करणाऱ्या मुलामुलींची चिंता आपल्या उलट असते. माझा अनुभव एकाच प्रकारचा आहे, कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यातला आहे, गाईचा नाही, ही उणीव कशी भरून काढू, असे ते विचारतात. मधली दोन वर्षे आजारपणात किंवा नोकरीत गेली, ती कशी सांगू, असे विचारतात. त्यांना मिळणारा सल्ला साधा असतो. उणीव लपवू नका. काय घडले ते थोडक्यात सांगा, त्यातून काय शिकलात ते सांगा, आणि राहिलेला अनुभव आजपासून घ्यायला लागा. घरच्या गोठ्यात वाढलेल्या मुलाला तिथे स्वतःची दहा वर्षे लिहायला निदान रकाना तरी आहे.

तिथले सगळे सोन्याचे आहे असे मात्र नाही. बिनपगारी अनुभवाचे तास जमवणे श्रीमंताच्या मुलाला सोपे, पोटासाठी दुसरीकडे राबणाऱ्या मुलाला अवघड. आणि तास मोजूनही तिथल्या खेड्यांत गुराढोरांच्या डॉक्टरांची टंचाई आहेच. ती भरून निघावी म्हणून टंचाईच्या भागात जाणाऱ्या पशुवैद्यांचे शिक्षणकर्ज फेडायला तिथले केंद्र सरकार मदत करते. तेव्हा अनुभव मोजला की खेड्याला डॉक्टर मिळालाच, असे समजू नये. तास कोणत्या जनावराचे मोजता आणि पुढे त्या डॉक्टरला खेड्यात राहणे परवडते का, हे दोन्ही पाहावे लागते.

शेजारी पाहा

अमेरिका राहू द्या. उदगीरला आपले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सीमा ओलांडली की बिदर लागते, तिथे कर्नाटकाचे पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. हवा तीच, माती तीच, देवणीची गाय दोन्हीकडे तीच. पण कर्नाटकात कृषी आणि पशुवैद्यक शाखेच्या काही जागा शेतकरी घरांतल्या मुलांसाठी वेगळ्या ठेवतात आणि त्या जागा मागणाऱ्यांची प्रात्यक्षिक परीक्षा घेतात. मुलापुढे वस्तू ठेवायची आणि विचारायचे, हे काय आहे, कशाला वापरतात. ज्याने शेत पाहिले आहे तो सांगतो. ज्याने शेतकऱ्याचा फक्त दाखला आणला आहे तो गप्प राहतो.

महाराष्ट्रात कृषी पदवीच्या प्रवेशात सातबाऱ्याला वजन देण्याची पद्धत आपल्याला माहीत आहे. तिचा हेतू चांगला, पण माप चुकीचे. सातबारा एवढेच सांगतो की जमीन कुणाच्या नावावर आहे. शेण कुणी काढले, धार कुणी काढली, कालवड माजावर आली हे पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आले, ते सातबारा सांगत नाही. शहरात बंगला बांधून राहणाऱ्याच्या नावावरही सातबारा असतो. आणि ज्याच्या नावावर एक गुंठा नाही त्या गुराख्याच्या, मेंढपाळाच्या, शेतमजुराच्या पोराला जनावराचे सर्वांत जास्त कळते. आपल्याच घरात पाहा. लक्ष्मीमुक्तीच्या वेळी हजारो मायबहिणींच्या नावावर जमीन झाली, तरी बहुतेक घरांत गोठा बाईच्या अंगावर आणि सातबारा पुरुषाच्या नावावर आहे. तेव्हा मोजायचेच असेल तर हाताला मोजा, कागदाला नको.

परीक्षा गोठ्यात घ्या

अशी परीक्षा महाराष्ट्रात घ्यायची तर ती कशी असावी? फार खर्चाचे काम नाही. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ, प्रत्येक ठिकाणच्या महाविद्यालयाला प्रक्षेत्र आहे, जनावरे आहेत. दोन जनावरे बांधा, एक ठणठणीत, एक तापलेले. हात न लावता मुलाने ओळखावे आणि कशावरून ओळखले ते सांगावे. बैलाचे तोंड उघडून दात पाहावेत आणि दोन दाती, चार दाती की जुळलेला ते सांगावे. गाय किती दिवसांनी पुन्हा माजावर येते, किती दिवसांत विते, व्याल्यावर वार किती वेळात पडायला हवी, हे विचारावे. आपल्याकडची बारा-चौदा वर्षांची पोरगी सांगेल की एकवीस दिवस, नऊ महिने नि वर आठवडाभर, आणि वार आठ-बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरला बोलवावे.

एक प्रश्न तर आपल्याच पिकातला विचारावा. पावसाने ओढ दिली, ज्वारी गुडघ्याएवढी असताना कोमेजली, मग सर आली आणि खुंटातून कोवळे फुटवे आले. भुकेली गाय दावे तोडून त्यात शिरली तर काय होईल? कोरडवाहूतल्या पोराने हे डोळ्यांनी पाहिलेले असते. गाय धापा टाकते, तोल जातो, कोसळते, पाय झाडते आणि पाहता पाहता संपते. कोवळ्या आणि ताणात वाढलेल्या ज्वारीत सायनाइडचे विष तयार होते, हे पुस्तक सांगते. त्यावर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेटची सुई शिरेतून द्यावी लागते, हेही पुस्तकच सांगते. पण सुई मिनिटांच्या हिशोबात मिळाली तर गाय वाचते. तासाने आलेल्या डॉक्टरला पंचनामा तेवढा करता येतो. अशा वेळी फोनवर चार शब्द ऐकून, हे ज्वारीचेच आहे, ते औषध घेऊन तडक निघतो, असे म्हणणारा डॉक्टर हवा. ते म्हणायला नुसते पुस्तक पुरत नाही आणि नुसता गोठाही पुरत नाही.

कापसाचेही तेच. वेचणी सरली की आपण पऱ्हाटीत जनावरे सोडतो. फवारा कधी मारला, कशाचा मारला, शेळीने शेंडे खाल्ले की नुसती बांधावर चरली, हे विचारायचे ज्याला सुचते तो अर्धे निदान तिथेच करतो. ज्याला पऱ्हाटी म्हणजे काय हेच सांगावे लागते, त्याचा पहिला अर्धा तास आपल्याला शिकवण्यात जातो.

आक्षेप घेणाऱ्यांना उत्तर

आक्षेप तीन निघतील. तिन्ही गंभीर आहेत, टवाळीवारी नेण्यासारखे नाहीत.

पहिला आक्षेप: अनुभवाला गुण दिले की दाखल्यांचा बाजार सुरू होईल. खरे आहे. अमुक गोठ्यात दोन वर्षे काम केल्याचा दाखला चहाच्या पैशांत मिळेल. म्हणूनच दाखल्याला गुण नकोत. गुण द्यायचे ते समोर जनावर उभे करून, दोन परीक्षकांच्या देखत. सहीचा दाखला विकत मिळतो, पण बिथरलेल्या बैलापुढे उभे राहायची छाती कुठल्या दुकानात मिळत नाही.

दुसरा आक्षेप: गोठ्यातले सगळेच ज्ञान शास्त्राचे नसते. हेही खरे. सुजलेल्या सांध्याला तापलेल्या सळईने डागणे, पोट फुगलेल्या जनावराला आडवे पाडून नाकातोंडात जाईपर्यंत तेल पाजणे, वार अडकली की तिला दगड बांधणे, हे आपल्यातल्या अनेकांनी केले आहे आणि त्यात जनावरे गेली आहेत. गोठ्यातून आलेल्या पोराला काही गोष्टी विसराव्या लागतील. पण जे चुकीचे शिकले ते सुधारता येते. ज्याला जनावराची भीतीच आहे, त्याची भीती पाचव्या वर्षापर्यंत जात नाही आणि मग तो नोकरी घेतो ती टेबलाची. आज पदवीचा अभ्यास साडेचार वर्षांचा आणि त्यावर एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे आहे. विसरायला आणि शिकायला एवढा काळ पुरेसा आहे.

तिसरा आक्षेप: शहरातल्या मुलाचा काय दोष? काहीच नाही. १८८६ साली मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, तेव्हापासून शहरांतून आलेल्या कितीतरी जणांनी या विद्येची सेवा केली आहे. शहराचे दार बंद करा असे आपण म्हणत नाही. आपण म्हणतो, खंड दोन्हीकडे आहे, दोन्ही भरा. शहरातल्या मुलाला गोठ्याची खंड आहे. त्याला पहिल्या वर्षाआधी महिनाभर शेतकऱ्याच्या घरी पाठवा, पहाटेची धार आणि रात्रीचे वेत दोन्ही पाहू द्या. आपल्या पोराला इंग्रजीची आणि भौतिकशास्त्राची खंड आहे. त्याला महिनाभर ते शिकवा. एकाची उणीव आजार आणि दुसऱ्याची उणीव नशीब, असा न्याय नको.

हा प्रश्न नुसत्या प्रवेशाचा नाही. १९७६ साली राष्ट्रीय कृषी आयोगाने पाच हजार गुरांमागे एक पशुवैद्य असावा असे सांगितले. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाई-बैल सुमारे १ कोटी ४० लाख, म्हशी ५६ लाख आणि शेळ्या १ कोटी ६ लाख भरल्या. आयोगाच्या मापाने शेळ्या-मेंढ्या सोडल्या तरी नुसत्या गाई-म्हशींनाच जवळजवळ चार हजार पशुवैद्य लागतात, आणि ते पुण्या-मुंबईच्या कुत्र्यांच्या दवाखान्यांत नव्हे, गावात लागतात. २०२२ साली लम्पी आली तेव्हा गाव-वस्तीला लस टोचायला माणसे किती अपुरी पडली ते आपण पाहिले. शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना टोचली जात होती, आणि जनावर धरायला, गोठा फवारायला आपलीच पोरे होती. त्या पोरांतून डॉक्टर निघाले असते तर ते कुठे राहिले असते, हे सांगायला ज्योतिषी नको.

आपल्या घरात पडत चाललेली खंड

आता थोडे कडू. सरकारला बोलून झाले, स्वतःलाही बोलले पाहिजे.

गोठ्यातली शाळा आपल्याच घरात बंद होते आहे. २००२ नंतर बीटी कापूस आला, कापसाचा पेरा फोफावला, ज्वारी मागे हटली. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी दावण रिकामी झाली. देशात २०१२ ते २०१९ या सात वर्षांत नर गोवंश सुमारे ३० टक्क्यांनी घटला. २०१५ च्या कायद्याने म्हातारा बैल विकायची वाट बंद केली, तेव्हा नवा गोऱ्हा ठेवायची हिंमतही कमी झाली. वखराला, डवऱ्याला भाड्याचे बैल किंवा ट्रॅक्टर. म्हणजे आपल्या अनेक घरांतली पोरे आता पोळ्याला शेजाऱ्याच्या बैलाला नैवेद्य दाखवतात. उद्या सरकारने खरेच गोठ्यात परीक्षा घेतली, तर शेतकऱ्याची म्हणून बसलेली किती पोरे उतरतील?

त्यात भर म्हणजे पोर जरा हुशार निघाले की आठवी-नववीपासून त्याला लातूरला किंवा नांदेडला खोली करून ठेवायची. तिथे पुस्तकाशिवाय काही दिसत नाही. सुट्टीत घरी आले तर आई म्हणते, शेणात हात घालू नकोस, अभ्यास कर. आईची माया खरी आहे. तिने जे भोगले ते पोराने भोगू नये, एवढेच तिला वाटते. पण ज्या पोराला जनावरांचाच डॉक्टर करायचे आहे त्यालाही आपण गोठ्यातून हाकलून देतो आणि मग अनुभव मोजत नाहीत म्हणून रडतो, हे जमायचे नाही.

आणि पोरींचे काय? धार, शेण, आंबोण, वासराची देखभाल ही सारी कामे पोरीची. गाय आजारी आहे हे आधी तिला कळते. पण डॉक्टर आला की जनावर धरायला बाप किंवा भाऊ, डॉक्टरशी बोलणार तेच आणि पोरगी दाराआड. तिचा अनुभव सरकार मोजत नाही हे पुढचे. आधी तो घरात मोजला जात नाही.

अर्ज करणाऱ्या पोरापोरींना

नियम बदलतील तेव्हा बदलतील. तोपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. आपली उणीव काय आणि ती कशी भरायची, हे ज्याने त्याने पाहावे.

नीटला पर्याय नाही, हे आधी मनात पक्के करा. गोठ्याच्या अनुभवाने यादीत नाव लागत नाही. नाव लागल्यावर तो पाचही वर्षे उपयोगी पडतो.

एक वही घाला. गोठ्याची वही. तारीख, कोणते जनावर, काय दिसले, काय केले, डॉक्टरने काय सांगितले, पुढे काय झाले. कालवड माजावर आल्याची तारीख, भरवल्याची तारीख, विण्याची तारीख. रोज दोन ओळी पुरतात. दोन वर्षांत ती वही अशी होते की कोणत्याही मुलाखतीत, शिष्यवृत्तीच्या अर्जात, उद्या परदेशी शिकायला जायचे झाले तर तिथल्या रकान्यात ती पुरावा म्हणून उभी राहील. शिवाय घरच्या धंद्याचा हिशोब लागेल, तो फायदा वेगळाच.

घरचा अनुभव एकाच जातीच्या जनावराचा असतो. बैल पाहिला असेल तर कोंबडी पाहिलेली नसते, शेळी पाहिली असेल तर घोडा नाही. जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. सुट्टीचे पंधरा दिवस द्या. झाडू मारावा लागला तरी मारा. लसीकरण असेल त्या दिवशी डॉक्टरबरोबर वस्तीवर फिरा. त्यांचा हात कसा चालतो ते पाहा आणि का चालतो ते विचारा. स्वतः मात्र सुई टोचू नका. जे करायचा अधिकार नाही ते केले की अनुभव वाढत नाही, गुन्हा वाढतो.

मधले वर्ष गेले असेल तर लाजू नका. प्रतिज्ञापत्रात खरे तेच लिहा. पण कुणी तोंडी विचारले की या वर्षात काय केलेस, तर 'काही नाही, घरीच होतो' असे म्हणू नका. सांगा की छावणीत होतो, एवढी जनावरे सांभाळली, अमुक आजार पाहिला, अमुक शिकलो. 'घरीच होतो' हे तीन-चार पिढ्यांचे उत्तर आहे. शेतकऱ्याचे काम काम नाही, हे आपण स्वतःच जगाला शिकवले आहे.

बैठकीपुढे ठेवायच्या मागण्या

नीट केंद्राची, अभ्यासक्रमाचे नियम १९८४ च्या कायद्याखालच्या भारतीय पशुवैद्यक परिषदेचे आणि विद्यापीठ राज्याचे. कुणाकडेही गेले तरी तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून तिघांकडेही एकाच मजकुराचे निवेदन जावे. जिल्हा बैठकीने पुढील मागण्यांवर चर्चा करून ठराव करावा, असे सुचवतो.

१. पशुवैद्यक पदवीच्या राज्यातल्या प्रवेशात जनावरासमोर घेतलेल्या प्रात्यक्षिक परीक्षेला ठरावीक वजन असावे. ही परीक्षा सर्वांना खुली असावी, सातबारा असो वा नसो.

२. परीक्षा नागपूर आणि मुंबईपुरती न ठेवता प्रत्येक महाविद्यालयाच्या गोठ्यात आणि मराठीत व्हावी.

३. प्रवेश मिळालेल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षाआधी एक महिना शेतकऱ्याच्या घरी राहणे सक्तीचे करावे, आणि गावातून आलेल्यांना त्याच काळात इंग्रजी व भौतिकशास्त्राचा वर्ग द्यावा.

४. खंडाच्या प्रतिज्ञापत्रात 'या काळात केलेले काम' असा रकाना घालावा आणि त्यात शेती व पशुपालन हे काम म्हणून लिहिता यावे.

५. जिल्हा परिषदेच्या दवाखान्यांत बारावीच्या मुलामुलींना सुट्टीत काम पाहण्याची परवानगी असावी आणि त्याची नोंद दवाखान्याच्या रजिस्टरात व्हावी.

यात सूट मागितलेली नाही. गुण कमी करून आत घ्या, असे कुठे म्हटलेले नाही. भीक नको, हवे घामाचे दाम, असे आपण कापसाच्या आणि ज्वारीच्या भावासाठी म्हणत आलो. पोराने गोठ्यात गाळलेला घामही घामच आहे. त्याचे माप करा, एवढीच मागणी आहे. बैलजोडीची किंमत लाखाच्या घरात गेली आहे. बैल गेला आणि झोपा केला, अशी गत व्हायची नसेल तर त्या जोडीचा आजार ओळखणारा माणूस आपल्यातूनच तयार झाला पाहिजे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने बारावीला असलेल्या आणि पशुवैद्यकाला जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या पोरापोरींची यादी घेऊन यावे. पोरींची नावे आधी लिहावीत.